वॉलालचा थांबा



जुलैची सुट्टी जवळ आली की पर्थमधल्या आपल्या लोकांचे ब्रूमचे बेत सुरू होतात. कुणी कॅरॅव्हॅन भाड्याने घेतं, कुणी फोर-व्हील ड्राइव्हवर तंबू चढवतं. पोर्ट हेडलंड सोडलं की ब्रूमपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर एकही गाव लागत नाही. सँडफायरसारखा एखाद-दुसरा रोडहाउस, तारेची कुंपणं आणि मधूनच रस्त्यावर येणारी गुरं, एवढंच. म्हणून बहुतेक जण मध्ये एटी माइल बीचला मुक्काम करतात. हायवे सोडायचा, दहाएक किलोमीटर कच्च्या रस्त्याने खडखडत जायचं आणि वॉलाल डाउन्स या कॅटल स्टेशनच्या शेजारच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये गाडी लावायची. वाळूची टेकडी ओलांडली की समोर समुद्र. नाव ८० मैलांचं असलं तरी किनारा त्याहून बराच लांब, २०० किलोमीटरच्या वर आहे.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, इथलं 'स्टेशन' रेल्वेचं नव्हे. एखाद्या तालुक्याएवढ्या जमिनीवर पसरलेला गुरांचा किंवा मेंढ्यांचा व्यवसाय म्हणजे स्टेशन. संध्याकाळी गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारा, इथे काय आहे? उत्तर येतं, काही नाही, म्हणून तर आलोय.

मला हे उत्तर पटत नाही. सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचं म्हणणं जगाने शंका न उरता मान्य केलं, त्यात या वॉलालचा मोठा वाटा आहे.

आइन्स्टाइनच्या हिशोबाने सूर्याच्या कडेला लागून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ सेकंद इतक्या कोनातून वळायला हवा होता. न्यूटनच्या हिशोबाने त्याच्या निम्माच. १.७५ सेकंद म्हणजे किती? आपलं इथलं एक डॉलरचं नाणं २५ मिलिमीटरचं आहे. ते सुमारे तीन किलोमीटर लांब धरलं, तर जेवढं दिसेल तेवढा हा कोन. तो मोजायचा म्हणजे सूर्य झाकलेला हवा आणि भोवतीचे तारे दिसायला हवेत. थोडक्यात, खग्रास ग्रहण हवं. १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन यांनी आइन्स्टाइनच्या बाजूने निकाल दिला आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, पण तारे मोजके होते आणि आकडे आपसात नीट जुळत नव्हते. जाणकारांच्या मनात शंका राहिली.

पुढची चांगली संधी २१ सप्टेंबर १९२२ ला होती. सावलीचा पट्टा हिंदी महासागरावरून येऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागणार होता, तो वॉलालपाशी. पाच मिनिटांहून थोडी जास्त खग्रास अवस्था आणि कोरडी, निरभ्र हवा. बंदर मात्र नाही आणि रेल्वेही नाही. एक तारऑफिस होतं, स्टेशनची वस्ती होती. पर्थच्या विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर रॉस यांनी ही जागा लावून धरली आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने मदतीला माणसं दिली.

कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल आले, सोबत पत्नी एलिझाबेथ आणि सहकारी रॉबर्ट ट्रम्पलर. कॅनडातून टोरोंटोचे क्लॅरेन्स चँट आले. पर्थची वेधशाळा होतीच. आणि भारतातून, कोडाईकनाल वेधशाळेतून, जॉन एव्हरशेड आणि मेरी एव्हरशेड. सूर्यावरच्या डागांमधून वायू बाहेरच्या बाजूला वाहतात हे एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये कोडाईकनालला शोधलं होतं.

या दोघांचं, म्हणजे कॅम्पबेल आणि एव्हरशेड यांचं, आपल्याकडचं जुनं नातं निघालं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला होता. त्या वेळी कॅम्पबेल पती-पत्नी मुक्कामाला होते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, आणि एव्हरशेड वऱ्हाडात तळणीला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचाही तंबू जेऊरलाच पडला होता. प्लेगचे दिवस होते. सामान निदान रेल्वेने तरी पोचवता येत होतं. म्हणजे २४ वर्षांनी वॉलालला भेटलेले हे दोघे पाहुणे जेऊर-तळणीची धूळ खाऊन आलेले होते.

वॉलालला सगळं समुद्रातून आलं. फ्रीमँटलहून जहाजाने ब्रूम, तिथून ग्वेंडोलेन नावाच्या शिडाच्या जहाजाने इथवर. ऑगस्टअखेर जहाज किनाऱ्यापासून लांब नांगरलं आणि पेट्या होड्यांतून लाटा ओलांडत वाळूवर उतरल्या. दुर्बिणी, काचेच्या प्लेटा, सिमेंट, अन्न, पाणी. तिथून पुढे गाढवांच्या गाड्या. आयटीत आम्ही 'गो-लाइव्ह'ची रात्र म्हणून फार मिरवतो. इथे पाच मिनिटं चुकली असती, तर पुढची तारीख दुसऱ्याच देशात. कॅम्पबेल यांना त्याचा अनुभव होता: १९१४ ला रशियात ढग आले, वर महायुद्धामुळे यंत्रं तिथेच अडकली. १९१८ ला उसन्या भिंगांवर भागवावं लागलं आणि निकाल धड लागला नाही.

या वेळी आकाश स्वच्छ राहिलं. एव्हरशेड यांच्या यंत्राने मात्र दगा दिला, कोडाईकनालच्या पदरी उपयोगाचं मोजमाप पडलं नाही. लिकच्या प्लेटा उत्तम निघाल्या. त्याच ताऱ्यांचे फोटो ट्रम्पलर यांनी काही महिने आधी ताहितीला रात्री काढून ठेवले होते. दोन्हींची तुलना करत महिने गेले. एप्रिल १९२३ मध्ये आकडा जाहीर झाला: ९२ ताऱ्यांवरून १.७२. खुद्द कॅम्पबेल आइन्स्टाइनबद्दल साशंक होते, म्हणून या आकड्याला वजन आलं.

गोष्ट सहसा इथे संपवतात. पण मोहिमेचे जुने फोटो बघा. पेट्यांजवळ, गाड्यांजवळ, दुर्बिणीच्या मनोऱ्याजवळ काळी माणसं उभी आहेत. हे न्यांगुमार्ता लोक, ही त्यांचीच भूमी. होड्यांमधलं सामान वाळूवर आणणं, ओढणं, छावणी उभी करणं, या सगळ्याला त्यांचे हात लागले. फोटोंखाली शास्त्रज्ञांची नावं असतात, यांची सहसा नसतात.

आणि हेच हात या पट्ट्यातली स्टेशनंही चालवत होते. तेव्हा पिलबारात मुख्यतः मेंढ्या होत्या. कुंपणं घालणं, कळप हाकणं, विहिरी, स्वयंपाक, धुणी, सगळं आदिवासी कामगारांवर. मोबदल्यात पीठ, चहा, साखर, मांस, तंबाखू. रोख मजुरी नाही किंवा नावापुरती. काम सोडून निघून जाणं कायद्याने गुन्हा.

वॉलालच्या ग्रहणाला २० वर्षं झाली तेव्हा, १९४२ मध्ये, स्कल स्प्रिंग्ज इथे अनेक भाषांचे वडीलधारे जमले आणि संपाचं ठरलं. युद्ध संपेपर्यंत थांबायचं, हेही ठरलं. डूली बिन बिन आणि क्लॅन्सी मकेना हे पुढारी, सोबत डॉन मॅकलाउड हा गोरा कामगार. शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या माणसांना एकच दिवस कसा कळवायचा? टिनाच्या डब्यांच्या लेबलांवर हाताने दिनदर्शिका काढून स्टेशनोस्टेशनी पोचवल्या, रोज एक दिवस खोडायचा. १ मे १९४६ ला दोन डझनांहून जास्त स्टेशनांवरचे सुमारे ८०० लोक काम सोडून चालू लागले. संपकऱ्यांत न्यांगुमार्ता मोठ्या संख्येने होते. बेड्या झाल्या, तुरुंग झाले. संप १९४९ पर्यंत चालला. शेवटी जहाजावरच्या खलाशांच्या युनियनने या स्टेशनांची लोकर चढवायला नकार दिला तेव्हा चक्रं फिरली. कित्येक जण मालकांकडे परतलेच नाहीत. खाणकाम करून पैसे जमवले आणि पुढे स्वतःच स्टेशनं विकत घेतली. १९७२ मधलं स्ट्रेली हे त्यातलंच एक.

मोजणी ग्रहणाची असो वा संपाच्या दिवसांची, दोन्ही कामं इथे चोख झाली. मला दुसरी जास्त अवघड वाटते.

जून २००९ मध्ये फेडरल कोर्टाने न्यांगुमार्ता लोकांचा या प्रदेशावरचा मूळ हक्क मान्य केला, क्षेत्र सुमारे ३३,००० चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ग्रहणाची शंभरी झाली, तेव्हा सरकारी टांकसाळीने वॉलालच्या नावाने एक डॉलरचं स्मृतिनाणं काढलं.

तर या जुलैत तिथे थांबलात, तर ओहोटीला वाळूवर एकदा चालून या. आणि ब्रूमकडे निघालात की सँडफायरच्या अलीकडे उजव्या हाताला वाळवंटात जाणारा एक कच्चा रस्ता दिसेल. तेल शोधणाऱ्या कंपनीने तो १९६०च्या दशकात पाडला. आज त्याचं नाव न्यांगुमार्ता हायवे आहे, आणि त्यावरून जायला त्यांचा परवाना काढावा लागतो.