माळढोक, सारस आणि काकांची वही

मागच्या शनिवार-रविवारी पुसेगावला जाऊन आलो. (साताऱ्याचं नव्हे हो, आमचं हिंगोली जिल्ह्यातलं!) रात्री काकांच्या हरभऱ्यात रोही शिरले होते. सकाळी काका म्हणाले, "नऊ होते. त्यात दोन पिल्लं." काळोखात एवढं अचूक! म्हटलं, काका, हे कुठं लिहून ठेवता का? "कोण इचारायलंय बाबा?"

या एका वाक्यावरून मला नान्नज आठवलं.

नान्नज हे सोलापूरजवळचं गाव. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास, सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना तिथं माळढोक सापडले आणि ते त्यांच्या नोंदी ठेवू लागले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथल्या उजाड माळांवर चराई थांबवली गेली, गवत परतलं. पण माळढोक काही फक्त गवतात राहत नाही. आजूबाजूच्या ज्वारी-भुईमुगातही तो चरतो.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात बहुतेक जमीन शेतकऱ्यांची. आमच्या भाषेत सांगायचं तर युजरला न विचारताच रिलीज. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामं अडली आणि पक्षी म्हणजे कटकट हे समीकरण पक्कं झालं. २०१२ च्या सुमारास क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळ नांगरले गेले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. दोष एकट्या कायद्याचा नाही. पण आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

याउलट गोंदिया. तिथं सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो. 'सेवा' ही संस्था गेली वीसेक वर्षं शेतकऱ्यांना सोबत घेऊन सारस राखते आहे. ज्याच्या शेतात घरटं, तोच राखणदार. जूनमध्ये पहाटे स्वयंसेवक आणि वन विभागाची पथकं मुक्कामाच्या जागांवर जाऊन मोजणी करतात. तिथंही सगळं आलबेल नाही, तारा आणि कीटकनाशकं आहेतच. पण 'आमचा सारस' म्हणणारी माणसं आहेत. मोजणी टिकते ती अशा माणसांमुळे, नुसत्या नकाशावरच्या रेघांमुळे नाही.

असो. निघताना काकांना एक शंभर पानी वही दिली. तारीख, प्राणी, किती, कुठून आले, कुठं गेले असे रकाने आखून. काकांनी वही उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "लिहितो की. पण यात हरभरा किती खाल्ला, तो रकाना कुठाय?"

खरंच नव्हता. मग तिथंच ओसरीवर बसून तोही आखला.