शिवोलीतले घर, चार ट्रॅक आणि पिवळी स्कूटर

गोव्याने मुंबईला गाणारे गळे दिले तसे वाजवणारे हातही दिले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ ही नावे मराठी माणसाला पाठ असतात. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकून मुंबईला गेलेले व्हायोलिनवादक, ट्रम्पेटवादक आणि संगीत-संयोजक मात्र फार कमी जणांना ठाऊक असतात. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला आंतोनियो वाझ, शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे सगळे गोव्याचेच. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ ज्यांच्या खांद्यांवर उभा राहिला, त्यांची नावे तबकडीवर छापली जात नसत. पोटासाठी मुंबईला जायचे, स्टुडिओत दुसऱ्याची चाल वाजवायची आणि फेस्ताला किंवा नाताळला चार दिवस गावी यायचे, असा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता होता.

गायक-गीतकार रेमो फर्नांडिसची वाटचाल या शिरस्त्याच्या उलट दिशेने झाली. तोही मुंबईला गेला आणि तिथून पुढे युरोपातही गेला. पण काम करायला तो आपल्या गावी, शिवोलीला परतला आणि राहत्या घरालाच त्याने ध्वनिमुद्रणाची खोली, निर्मितिसंस्था आणि वितरण कचेरी केले. शब्द, चाल, आवाज आणि बहुतेक वाद्ये त्याचीच, कॅसेटही त्याचीच. आज ‘इंडिपेंडंट’ म्हणवणारे गायक-गीतकार जे करतात, ते त्याने १९८४ साली करून दाखवले होते. त्याच्या हिंदी चित्रपटगीतांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तो सात वर्षांचा असताना एक नातेवाईक लंडनहून तबकड्या घेऊन घरी आला आणि त्यांत बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ होते. पुढची दहा वर्षे एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, शॅडोज आणि बीटल्स यांच्या सहवासात गेली. आठव्या वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. ज्या मुलाचे बालपण एका राजवटीत सुरू होऊन दुसरीत पुरे होते, त्याच्या कानावर एकाच भाषेचे राज्य राहत नाही. पोर्तुगीज गाणी, कोंकणी मांडो, रेडिओवरची हिंदी गाणी आणि लंडनहून आलेले रॉक अँड रोल हे सगळे एकाच बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) ऐकू येत होते. शाळेत असतानाच त्याने मित्रांबरोबर ‘बीट फोर’ हा बँड काढला आणि स्वतःची गाणी रचायला घेतली.

त्याच्या प्रेरणांविषयी लिहिणारे बहुतेक जण बीटल्सपाशी थांबतात. मला तिथे थांबता येत नाही, कारण शिवोली हे गाव मुळात साधे नाही. बारदेश तालुक्यात, शापोरा नदीच्या काठावरचे हे गाव. २४ जूनला सांजांवच्या सणाला इथे सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घातलेली माणसे गात-वाजवत येतात. डिसेंबरअखेरीस जागर होतो आणि तो हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे मिळून घालतात. घुमट दोघांचेही. घुमट म्हणजे मातीचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणायचे आणि उरलेल्या लहान तोंडावर तळवा ठेवून-काढून नाद कमीजास्त करायचा. ते आरतीतही वाजते आणि मांडोतही. अशा गावच्या माणसाला ‘फ्यूजन’ ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही.

दुसरा एक झरा मला तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा दिसतो. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला आणि तेव्हापासून या रंगभूमीने ‘कांतार’ हा प्रकार जोपासला. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन गायचे गाणे. नाटकाच्या कथेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. ते कांतारकार स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतःच गातो. विषय असतो महागाई, सासू, दारू, खुर्चीवरचा मंत्री. एम. बॉयर, आल्फ्रेड रोझ, सी. आल्वारिस यांनी हा प्रकार कळसाला नेला. गायक-गीतकार म्हटले की आपल्याला बॉब डिलन आठवतो. गोव्यात ती परंपरा गावोगावच्या मांडवांत आधीपासून नांदत होती आणि त्यासाठी गोंयकार तिकीट काढून बसत होता. रेमोच्या इंग्रजी गाण्यांतला राजकारण्यांवरचा थेट हल्ला ऐकताना मला नेहमी कांतार आठवते.

मुंबईत तो सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयात शिकला आणि ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवू लागला. पदवी घेतली, पण वास्तुविशारदाचे दुकान थाटले नाही. सत्तरचे दशक संपता संपता तो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत फिरला, रस्त्यावर गिटार घेऊन गायला, पॅरिसच्या वादकांबरोबर वाजवले. तिथे राहून गेला असता तर एखाद्या बँडमधला गुणी भारतीय वादक म्हणून त्याचे नाव कुठेतरी छापले गेले असते. १९८० च्या सुमारास तो परत आला.

परतल्यावर त्याच्यापुढे जी अडचण होती, ती आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. भारतात इंग्रजी गाणारे बँड होते, पण त्यांनी परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करावी अशीच श्रोत्यांची आणि हॉटेलवाल्यांची अपेक्षा असे. भारतीयाने इंग्रजीत स्वतःची गाणी करावीत, तीही गोव्यातल्या लोकांविषयी, याला कंपन्यांच्या लेखी बाजार नव्हता. स्टुडिओ मुंबईला, त्यांचे भाडे तासावर. गोव्यात बसून तबकडी काढायची सोयच नव्हती.

वाट काढली ती एका यंत्राने. १९७९ साली टास्कम या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून चार रेषा, म्हणजे ट्रॅक, असतात. हे यंत्र त्या चारही रेषा एकाच दिशेने वापरते. म्हणजे एका रेषेवर गिटार, दुसरीवर बास, तिसरीवर ताल असे वेगवेगळे भरता येते. चौथ्या ट्रॅकपर्यंत आलात की जागा संपते. मग पहिले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. एकदा असे उतरवले की बासचा आवाज थोडा वाढवावा, गिटार थोडी मागे घ्यावी, ही मुभा संपली. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढत जाते. त्यामुळे पूर्ण गाणे आधी डोक्यात तयार लागते. शेवटी गायचा आवाज कुठे बसणार, बासरी कुठे शिरणार, हे पहिली गिटार भरतानाच ठरवावे लागते. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ अशाच यंत्रावर घरात भरला. शिवोलीत रेमोने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ भरला, सगळी वाद्ये स्वतः वाजवून.

त्या कॅसेटमधली गाणी गोव्याच्या रोजच्या जगण्याची होती. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला उद्देशून त्यात एक गाणे आहे. ज्याने तेव्हा ट्रंककॉल लावून तासन् तास वाट पाहिली, त्याला त्यातली कळकळ वेगळी सांगायला नको. कॅसेट तयार झाल्यावर रेमो आपल्या पिवळ्या स्कूटरवर त्या लादून गोवाभर दुकानादुकानात फिरला. ही स्कूटर पुढे गोव्याच्या लोककथेत जमा झाली. मला त्यामागचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. गायक स्वतः दुकानदाराशी बोलतो तेव्हा कोणत्या गावात कोणते गाणे लोक पुन्हा मागतात हे त्याला कळते आणि विक्रीचा पैसा मधल्या हातांत अडकत नाही. त्याच सुमारास स्वस्त कॅसेटमुळे सगळ्या भारतातला संगीतव्यवहार बदलत होता, भजनापासून लावणीपर्यंत. त्या लाटेचा उपयोग स्वतःच्या शब्दांसाठी करणारे फार थोडे निघाले.

लगेच नंतर आलेला ‘ओल्ड गोअन गोल्ड’ हा मला त्याच्या वाटचालीतला सर्वांत विचारपूर्वक टाकलेला टप्पा वाटतो. त्यात त्याने जुनी गोमंतकीय गाणी घेतली. एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो हा मोठ्या घरांच्या दिवाणखान्यातला प्रकार. तोर्कातो द फिगेरेदो, आर्नाल्दो द मेनेझिस यांच्यासारख्या रचनाकारांनी तो घडवला. लय संथ, दोन आवाज एकमेकांपासून ठरावीक अंतरावर चालणारे, सूर विरहाचा. त्याच्या मागोमाग येते चपळ दुल्पोद. ऐंशीच्या दशकात ही गाणी लग्नांपुरती आणि वार्षिक महोत्सवांपुरती उरत चालली होती. इंग्रजी रॉकवर वाढलेल्या मुलांनी ती गिटारच्या साथीने रेमोकडून ऐकली आणि ती पुन्हा तरुणांच्या तोंडी आली.

मग बाहेरचे जग शिवोलीकडे यायला लागले. श्याम बेनेगल यांनी १९८५ च्या ‘त्रिकाल’मध्ये १९६१ चा गोवा उभा केला. मारिओ मिरांडांच्या लोटलीच्या घरात चित्रीकरण झाले, संगीत वनराज भाटियांचे होते आणि रेमो त्यात गायला, पडद्यावरही दिसला. भोपाळच्या वायुपीडितांसाठी मुंबईत झालेला कार्यक्रम दूरदर्शनने दाखवला आणि देशाला हा गिटारवाला कळला. ‘पॅक दॅट स्मॅक’ ही ब्राउन शुगरच्या विरोधातली कॅसेट त्याच काळातली. किनाऱ्यांवर ते विष पसरताना तो पाहत होता आणि ज्या तरुणांना ते विळखा घालत होते, त्यांच्याच भाषेत तो त्यांना थांबा म्हणत होता. १९८७ च्या ‘जलवा’ या हिंदी चित्रपटाचा विषयही तोच, त्याच्या शीर्षकगीताने रेमोचा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत नेला.

त्या काळातला एक प्रसंग अनेकदा सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोने त्यांच्यासमोर त्यांनाच उद्देशून लिहिलेले गाणे म्हटले. देशाच्या पंतप्रधानांना असे नाव घेऊन हाक मारणे स्थानिक वृत्तपत्रांना खटकले आणि टीका झाली. रेमोने ते कात्रण पंतप्रधानांना पाठवून दिले. उत्तर आले: आपल्याला आणि कुटुंबाला गाणे आवडले होते. तियात्राच्या मांडवात मंत्र्यापुढे उभे राहून कांतार म्हणणाऱ्या गोंयकाराला यात नवल वाटणार नाही.

पुढचा भाग वाचकांना माहीतच आहे. १९९५ च्या ‘बॉम्बे’तले हिंदी ‘हम्मा हम्मा’, १९९६ च्या ‘खामोशी’तले ‘हुय्या हो’, १९९८ चे ‘प्यार तो होना ही था’. मोठ्या कंपन्यांनी त्याचे संग्रह काढले, २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये आत्मचरित्र आले. ही गाणी चांगलीच आहेत, पण त्यांत तो पुन्हा दुसऱ्याची चाल गाणारा आवाज आहे. त्याचे खरे मोल त्याच्या स्वतःच्या गाण्यांत आहे आणि ती गाणी ‘हम्मा हम्मा’ ओळखणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ऐकली आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्रजीत गातो म्हणून त्याला परका ठरवणारेही होते. हा आक्षेप मला कधीच पटला नाही. तो कोंकणीत गायला, पोर्तुगीजमध्ये गायला, हिंदीत गायला. इंग्रजी ही गोव्यातल्या त्याच्या पिढीच्या एका मोठ्या भागाची घरात बोलायची भाषा होती. गाणे परके होते ते शब्दांतल्या उसन्या अनुभवाने. रेमोच्या गाण्यांत बिघडलेला टेलिफोन गोव्याचा आहे, मंत्री गोव्याचा आहे आणि बोलण्याचा हेलही बारदेशी आहे.

आज मुंबई, पुणे, शिलाँग, बंगळुरू इथली मुले लॅपटॉपवर शेकडो ट्रॅक भरून झोपण्याच्या खोलीतून गाणी प्रसिद्ध करतात. त्यांना ना स्कूटर लागते, ना दुकानदार. पण गाणे आधी डोक्यात पूर्ण करण्याची जी सक्ती चार ट्रॅकमध्ये होती, तिचा अभ्यास त्यांनी ‘गोअन क्रेझी’ कान देऊन ऐकून करावा असे मला वाटते. त्यासाठी त्या काळचे मूळ ध्वनिमुद्रण टिकायला हवे. चुंबकीय फितीला गोव्याची दमट हवा मानवत नाही. तिला बुरशी लागते, लेप सुटतो आणि एकदा सुटलेला लेप परत येत नाही. तियात्रांच्या जुन्या तबकड्या, मांडोंची खासगी ध्वनिमुद्रणे आणि ऐंशीच्या दशकातल्या अशा घरगुती कॅसेट यांचा एकत्र, सरकारी खर्चाने चालणारा आणि कोणालाही ऐकता येईल असा संग्रह गोव्यात उभा राहावा. कला अकादमीने पुढाकार घेतला तर फारच बरे. यंदाचा पावसाळा येण्याआधी निदान याद्या करायला तरी सुरुवात व्हावी.