ताऱ्याचा माग आणि दुर्बिणीची बैठक

तारा पाहणे आणि ताऱ्याचे छायाचित्र घेणे ही दोन कामे वरवर एकच वाटतात. पण त्यांची गरज वेगळी आहे. डोळा क्षणोक्षणी नवे दृश्य पाहतो आणि जुने टाकून देतो. छायाचित्राची काच मात्र पडेल तो प्रकाश साठवीत राहते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर चार मिनिटांस सुमारे एक अंश सरकते. म्हणून स्थिर ठेवलेल्या काचेवर ताऱ्याचा बिंदू न उमटता रेघ उमटते. आकाशाच्या छायाचित्रणात भिंगाइतकेच महत्त्व दुर्बिणीच्या बैठकीस आले, ते यामुळे.

या निवडीची पूर्वपीठिका लखनौत पाहावयास मिळते. अवधचा राजा नसिरुद्दीन हैदर याने १८३१ मध्ये तेथे वेधशाळा स्थापन केली. प्रथम कॅप्टन हर्बर्ट आणि १८३५ पासून रिचर्ड विल्कॉक्स तिचे प्रमुख होते. लोक त्या वास्तूस ‘तारेवाली कोठी’ म्हणत. लंडनच्या ट्रॉटन आणि सिम्स यांनी घडविलेली तेथील यंत्रे दोन जातींची होती. काही दक्षिणोत्तर रेषेत जखडलेली. दुर्बीण ताऱ्याची वाट पाही. दुसरी जात विषुववृत्तीय बैठकीची. हिचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर, म्हणजे लखनौस क्षितिजापासून सुमारे २७ अंश उचललेला असतो. त्या एकाच अक्षाभोवती दुर्बीण फिरविली की तारा नजरेतून सुटत नाही. काळ व स्थान मोजण्यास पहिली जात उत्तम. माग काढण्यास दुसरीच हवी.

फ्राउनहोफरने १८२४ मध्येच डोर्पाट येथील दुर्बिणीस घड्याळी यंत्राची गती दिली होती. १८३९ मध्ये पॅरिसला डागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली, तेव्हा लखनौची वेधशाळा स्थापन झालेली होती. परंतु या दोन विद्यांचा संगम तेथे व्हावयाचा नव्हता. १८४८ मध्ये विल्कॉक्स वारला. १८४९ मध्ये वाजिद अली शाहने वेधशाळा बंद केली. आणि १८५७ च्या धामधुमीत तिची यंत्रे नाहीशी झाली.

हा संगम पुढे महाराष्ट्राने पाहिला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांचा तळ पडला होता. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तेथे आले होते. कॅम्बेल यांच्या एका कॅमेऱ्याचे नाभ्यंतर ४० फूट होते. त्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंचांचे उमटे. पण ते सेकंदास पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकेही. एवढी लांब नळी वाऱ्यात न थरथरता फिरविणे कठीण, आणि खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेव्हा कॅमेरा अचल ठेवून आतील काचच घड्याळी यंत्राने सरकविण्यात आली. जे जड ते स्थिर ठेवावे, जे हलके ते हलवावे, असा तो साधा पण मर्मग्राही निर्णय होता.

उत्तर प्रदेश सरकारने १९५४ मध्ये वाराणसीस वेधशाळा सुरू केली. ती पुढच्याच वर्षी नैनितालला गेली. तेथे १९७२ मध्ये उभारलेली १०४ सेंटिमीटरची दुर्बीण विषुववृत्तीय बैठकीवरच आहे. परंतु त्याच संस्थेने २०१६ मध्ये देवस्थळ येथे कार्यान्वित केलेली ३.६ मीटरची दुर्बीण तोफेप्रमाणे आडवी-उभी वळते. एवढा भार तिरप्या अक्षावर तोलण्यापेक्षा दोन्ही अक्षांच्या गतीचे गणित संगणकाकडे सोपविणे सोयीचे ठरले. अशा बैठकीवर चित्र स्वतःभोवती फिरू लागते. म्हणून प्रकाश टिपणारे उपकरणही फिरते ठेवावे लागते.

आज लखनौच्या गच्चीवर कॅमेरा लावणाऱ्या हौशी माणसापुढेही हाच प्रश्न असतो. विस्तृत आकाश काही सेकंदांत टिपावयाचे तर स्थिर तिपाई पुरते. लांब नाभ्यंतराचे भिंग आणि मिनिटांचा प्रकाश हवा असेल, तर ध्रुवाकडे २७ अंश रोखलेला अक्ष, संथ चालणारी मोटर आणि भार निश्चल पेलणारी बैठक, ही तिन्ही हवीत. भिंग कितीही किमती असले, तरी बैठक डळमळीत असेल तर काचेवर रेघच उमटते.