चेंडू उजवीकडे का वळतो?

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा गोल्फचेंडू सरळ निघून उजवीकडे वळत गेला, की त्याला ‘स्लाइस’ म्हणतात. फिरता चेंडू वळतो, हे न्यूटनने १६७२ मध्येच टेनिसवरून लिहिले होते. १८९०च्या दशकात एडिंबरोच्या प्रा. टेट यांनी (त्यांचा मुलगा फ्रेडी ब्रिटनचा हौशी विजेता, १८९६ आणि १८९८) चेंडूला फीत बांधून तो मातीत मारला आणि फितीचे पीळ मोजले. फिरकी म्हणजे दोषच, असे आम्हालाही वाटे. पण वरची बाजू मागे फिरणारा चेंडू हवा खाली ढकलतो, म्हणूनच तो लांब तरंगत जातो. स्लाइसमध्ये याच फिरकीचा आस कलतो, कारण काठीचे पाते तिच्या चालीच्या उजवीकडे उघडे राहते. दोन्ही हात मुठीवर जरा उजवीकडे वळवून धरले, की ते बहुधा सरळ येते.