दख्खनमधील तुर्की भाषेचा मागोवा : संकटग्रस्त भाषांच्या अभ्यासाची ऐतिहासिक बाजू

प्रस्तावना

आजचे माधवनगर ज्या प्रदेशात वसले आहे, तो मिरज प्रांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता. या काळाचा विचार करताना आपण फारसी व दख्खनी या भाषांचा उल्लेख करतो. परंतु राज्यकर्त्यांपैकी व सरदारांपैकी अनेकांचे मूळ ज्या भाषेशी निगडित होते, त्या तुर्कीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ही भाषा दख्खनमध्ये आली, काही घराण्यांत टिकली आणि पुढे नाहीशी झाली. तिच्या अस्ताचा मागोवा घेणे आणि जगातील संकटग्रस्त तुर्की भाषांच्या अभ्यासाशी त्याची सांगड घालणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे 'तुर्की' हा शब्द केवळ तुर्कस्तानच्या राष्ट्रभाषेपुरता मर्यादित नसून तो संपूर्ण भाषाकुलासाठी वापरला आहे.

दख्खनमधील तुर्कीभाषक

इ. स. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. आपण ज्याला 'खिलजी' म्हणतो ते नाव मुळात 'खलज' या जमातीचे आहे. खलज हे तुर्की मूळाचे लोक अफगाणिस्तानात दीर्घकाळ राहिले व तेथील समाजात मिसळून गेले. त्यामुळे 1290 मध्ये जलालुद्दीन गादीवर आला तेव्हा दिल्लीतील तुर्क त्याच्या घराण्याला आपल्यापैकी मानावयास तयार नव्हते, असे बरनीच्या वृत्तान्तावरून दिसते. भाषा व रीतिरिवाज बदलले की वंशाची ओळखही शंकास्पद होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलखान हा ऑटोमन राजपुत्र असल्याची कथा फिरिश्त्याने दिली आहे. आधुनिक इतिहासकार ती विश्वसनीय मानत नाहीत. मात्र ऑटोमन प्रदेशातून आलेले 'रूमी' कारागीर दख्खनमध्ये होते, याबद्दल संशय नाही. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख मैदान' तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथे अशाच एका रूमी कारागिराने ओतली. पुढे औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत (1681-1707) तुराणी सरदारांचा मोठा गट होता. हैदराबादच्या निजामाचे आजोबा समरकंदच्या परिसरातून आले होते आणि 1687 मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मरण पावले. निजामाच्या 'चिन किलिच खान' या किताबातील 'किलिच' म्हणजे तुर्कीत तलवार. मराठी बखरी व पत्रव्यवहारातून आपल्या परिचयाच्या झालेल्या या नावात एक भाषा अशी दडून राहिली आहे.

भाषेचा अस्त

या भाषेचा ऱ्हास कोणी बळाने घडवून आणला नाही. दरबार, दफ्तर व काव्य यांची भाषा फारसी होती. तुर्की ही घरातली व छावणीतली भाषा राहिली. बाबराने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिले, परंतु त्याच्या नातवाच्या दरबारात ते सर्वांना वाचता यावे म्हणून अब्दुर्रहीम खानखानान याला 1589 मध्ये त्याचे फारसी भाषांतर करावे लागले. याच खानखानानाने पुढे 1600 मध्ये अहमदनगर जिंकून घेण्यात भाग घेतला. अवघ्या तीन पिढ्यांत राजघराण्याची मातृभाषा भाषांतराची वस्तू बनली. सत्ता हाती असूनही भाषा टिकत नाही. ती टिकते मुलांच्या तोंडी, हा धडा येथे स्पष्ट दिसतो.

मराठीतील अवशेष

तुर्की लुप्त झाली तरी तिचे शब्द फारसीमार्गे मराठीत स्थिरावले. तोफ, कैची, चकमक, कुमक, यलगार, कुर्निसात हे शब्द या दृष्टीने लक्षणीय आहेत. 'चकमक' म्हणजे मुळात ठिणगी पाडण्याची क्रिया. आपण 'दोन सैन्यांत चकमक उडाली' असे म्हणतो तेव्हा गारेवरील ठिणगीचीच प्रतिमा वापरत असतो. 'तोपची', 'नगारची', 'मशालची' या शब्दांतील 'ची' हा व्यवसायदर्शक तुर्की प्रत्यय आहे. मराठीच्या षष्ठी विभक्तीतील 'ची'शी त्याचा संबंध नाही. यांतील बहुतेक शब्द सैन्य, हत्यार व दरबार यांच्याशी निगडित आहेत. शेती, नातेसंबंध वा भावना यांचे शब्द या यादीत जवळजवळ नाहीत. यावरून तुर्कीभाषक व रयत यांचा संपर्क कोणत्या क्षेत्रापुरता मर्यादित होता, याचे अनुमान करता येते.

शिवराज्याभिषेकानंतर तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्युलियन, यांनी 'फारसी-मराठी कोश' (1925) सिद्ध केला. पहिल्या कोशाचा हेतू हे शब्द बाजूला सारण्याचा, तर दुसऱ्याचा ते समजून घेण्याचा होता. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दोन्ही कोश सारखेच उपयुक्त ठरतात.

खलज भाषेचा शोध

ज्या खलजांचे नाव देवगिरीच्या इतिहासाशी जोडले गेले, त्याच नावाची भाषा मध्य इराणमधील काही खेड्यांत आजही बोलली जाते. व्लादिमीर मिनोर्स्की यांनी 1906 मध्ये तिचे नमुने गोळा केले. त्यांचा अभ्यास 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. 1968 पासून जर्मन विद्वान गेर्हार्ड डोर्फर यांनी तिचा सखोल अभ्यास केला आणि ती तुर्की कुलाची स्वतंत्र शाखा असल्याचे प्रतिपादन केले. आधुनिक तुर्कीत पायाला 'अयाक' म्हणतात, अकराव्या शतकातील महमूद काशगरीच्या कोशात 'अदाक' असे रूप आहे, तर खलजमध्ये 'हदाक'. म्हणजेच इतरत्र शतकांपूर्वी लोपलेला उच्चार या लहानशा बोलीने जपला आहे. इराणमधील खलजभाषक व अफगाणिस्तानातील खलज यांचा नेमका संबंध हा विद्वानांत मतभेदाचा विषय आहे. परंतु फारसी शिक्षण व शहरांकडील स्थलांतर यांमुळे नवी पिढी ही भाषा सोडत आहे. सायबेरियातील तोफा व चुलिम, लिथुआनियातील कराइम यांची स्थिती याहूनही बिकट आहे. मिनोर्स्की व डोर्फर त्या खेड्यांत गेले नसते, तर तुर्की भाषाकुलाच्या इतिहासातील एक दुवा कायमचा निखळला असता.

निष्कर्ष

दख्खनमधील तुर्कीच्या वाट्याला असा नोंदकर्ता आला नाही. तिच्या बोलण्याची लय, तिच्यातील अंगाईगीते व म्हणी यांपैकी काहीही आपल्यापर्यंत पोहोचले नाही. उरले ते हत्यारांचे व किताबांचे शब्द. जेत्यांच्या भाषेची ही अवस्था, तर दुर्बलांच्या भाषांचे काय होणार, हा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. पश्चिम महाराष्ट्रात कैकाडी, वडारी व पारधी या भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. पैकी कैकाडी तमिळशी, वडारी तेलुगूशी, तर पारधी गुजरातीशी नाते सांगते. 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे अनेक लहान भाषा कागदावर आधीच नाहीशा झालेल्या आहेत. या समाजांतील विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत बसतात आणि बहुधा घरची भाषा वर्गाबाहेर ठेवूनच आत येतात. इतिहास व भाषा विभागांनी एकत्र येऊन या विद्यार्थ्यांच्या सहभागाने, त्यांच्या आजी-आजोबांच्या संमतीने, शब्द, कथा व आठवणी यांची नोंद करावी. त्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वेळीच सुरुवात करण्याची. तुर्कीच्या बाबतीत ती वेळ आपल्या पूर्वसूरींच्या हातून निसटली. ती पुन्हा निसटू नये, एवढीच अपेक्षा.