रक्षक कोण निवडायचा? महाड ते रमाबाई नगर

धमकी आलेल्या कार्यकर्त्याला हल्ली लगेच सल्ला मिळतो, "दोन बाउन्सर ठेव." अंधेरी-घाटकोपरात दंड फुगवलेली माणसे भाड्याने मिळतातही. पण आपले संरक्षण कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतलेल्या सत्याग्रहींवर महाडमध्ये सनातन्यांनी लाठ्या चालवल्या. आपल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिकही होते. उलट वार करणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. अंगात ताकद असून जो शिस्तीने हात आवरतो, तोच खरा रक्षक. महाडच्या त्या संघर्षकाळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाचा पायाही हीच शिस्त होती. हे सैनिक भाडोत्री नव्हते, विचाराला बांधलेले होते.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण गेले. उपनिरीक्षक मनोहर कदमला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे त्याला जामीनही मिळाला. त्या दिवशी वर्दी होती, प्रशिक्षण होते, बंदुका होत्या. संयम तेवढा नव्हता.

मग पोलिसांकडे जायचेच नाही का? जायचे, पण उपकार मागायला नव्हे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ नुसार पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

खासगी रक्षक घ्यावाच लागला, तर २००५ च्या कायद्याखालील एजन्सीचा परवाना पाहा. रक्षकाची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण झाले आहे का, ते विचारा. हा कायदा भरतीत माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा देतो, तिचा उपयोग करा. खासगी रक्षकाने पोलीस किंवा लष्करासारखा गणवेश घालणे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा. आणि शेवटी एकच कसोटी लावा: गर्दी चिडली असताना हा माणूस आपल्याला सुखरूप बाहेर काढेल, की आपल्या नावावर भांडण उकरून काढेल?

दंडाचा घेर पाहून रक्षक निवडू नका. महाडच्या त्या निवृत्त सैनिकांशी त्याची तुलना करा.

जयभीम!