मांजराची ॲलर्जी

मांजराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांविरुद्ध माणसाच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया म्हणजे मांजराची ॲलर्जी होय. शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज व अंगावर उठणाऱ्या गांधी ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. दम्याच्या रुग्णाला मात्र तिच्यामुळे धापेचा तीव्र झटका येऊ शकतो.

कारण

दोष सहसा मांजराच्या केसांना दिला जातो. प्रत्यक्षात 'फेल डी १' हे प्रथिन यास मुख्यतः कारणीभूत असून ते लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते. मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांवर पसरते आणि वाळल्यावर कोंड्यासह हवेत मिसळते. यांतील ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण दीर्घकाळ तरंगतात व फुप्फुसांत खोलवर जातात. कपड्यांना चिकटून ते मांजर नसलेल्या घरांत आणि शाळेच्या वर्गांतही पोहोचतात. ॲलर्जी न करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींतही हे प्रथिन असतेच.

ॲलर्जी जडण्याचा धोका

पहिल्या संपर्कात लक्षणे दिसत नाहीत. त्या काळात शरीर 'आयजीई' प्रकारचे प्रतिपिंड तयार करते व पुढील संपर्कात हिस्टामीन स्रवून त्रास सुरू होतो. त्यामुळे वर्षानुवर्षे मांजर बाळगणाऱ्यालाही ही ॲलर्जी नव्याने होऊ शकते. आईवडिलांना दमा वा ॲलर्जी असल्यास शक्यता वाढते.

तान्ह्या बाळाच्या घरी मांजर असावे का, यावर संशोधकांचे एकमत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात ४७४ मुलांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षी दोन किंवा अधिक कुत्री-मांजरे घरात असलेल्या मुलांत सहा-सात वर्षांच्या वयात ॲलर्जीची संवेदनशीलता कमी आढळली. इतर काही अभ्यासांत असा लाभ दिसला नाही. केवळ प्रतिबंध म्हणून मांजर आणणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही.

मावळातील संदर्भ

भातशेतीच्या मावळात मांजर उंदरांसाठी बाळगले जाई; त्याचा वावर पडवीत, गोठ्यात व कणगीभोवती असे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या सोमाटणे, तळेगाव दाभाडे या भागांत गृहसंकुले वाढली आणि सदनिकेतील मांजर दिवसभर माणसांबरोबर बंद खोल्यांत राहू लागले. येथील मुसळधार पावसाळ्यात खिडक्या मिटलेल्या असतात, भिंतींना ओल येते. बुरशी व धुळीतील सूक्ष्म कीटकही तीच लक्षणे निर्माण करतात. चाचणीविना मांजराला घराबाहेर काढणे म्हणूनच अनेकदा व्यर्थ ठरते.

निदान व उपाय

त्वचेवरील टोचणी-चाचणी किंवा रक्ततपासणीने निदान होते. मांजर दिल्यानंतरही घरातील प्रथिनाचे प्रमाण उतरण्यास चार ते सहा महिने लागू शकतात. मांजराला झोपण्याच्या खोलीत येऊ न देणे, गाद्या-गालिचे कमी ठेवणे व अंथरूण गरम पाण्यात धुणे उपयुक्त ठरते. मांजराला घातलेल्या आंघोळीचा परिणाम काही दिवसच टिकतो. औषधांनी लक्षणे आटोक्यात येतात, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अनेक वर्षे चालणारी प्रतिरक्षा-उपचारपद्धतीही उपलब्ध आहे. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागल्यास विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी लागते.